आधी बाइक चालती करा, निर्णय नंतर घ्या

पत्र : २००७ साली घेतलेली माझी माउंटन बाइक गेली बारा वर्षे अडगळीत उभी आहे. ॲल्युमिनियमची फ्रेम, फक्त पुढे १०० मिमीचे हवेवरचे सस्पेन्शन, २६ इंची चाके, पुढे तीन आणि मागे नऊ गिअर, हायड्रॉलिक डिस्क ब्रेक. त्या काळात तिच्यावर डोंगरवाटा भरपूर तुडवल्या, काही शर्यतींतही भाग घेतला. पुढे नोकरी आणि मुले यांच्यात ते सारे मागे पडले. आता वय ४६ आहे, मुले मोठी झाली आहेत आणि पुन्हा सुरुवात करण्याची इच्छा आहे. एका मेकॅनिकचे म्हणणे, 'छब्बीस इंची आता कोणी वापरत नाही, भंगारात द्या.' बरोबर सायकल चालवणारा एक जुना मित्र म्हणतो, 'अशी फ्रेम पुन्हा मिळणार नाही, तिच्यावर सगळे सामान नवे चढव.' पैसे खर्च करण्याची तयारी आहे, वाया घालवण्याची नाही. काय करावे? आणि नवी घेतलीच, तर जुनीचे काय करावे?

उत्तर :

सप्रेम नमस्कार.

आपल्याला मिळालेले दोन्ही सल्ले मनापासून दिलेले असतील. परंतु आता आपण कोणत्या वाटांवर बाइक चालवणार आहात, हे मात्र दोघांपैकी कोणीही विचारलेले दिसत नाही. मेकॅनिकने चाकाचा आकार पाहिला, मित्राने फ्रेमचा दर्जा पाहिला आणि दोघेही निकाल देऊन मोकळे झाले. मातीच्या रुंद वाटा, माळावरचे चढउतार आणि मधूनच लागणारा एखादा दगडाळ टप्पा, एवढीच अपेक्षा असेल तर आपली बाइक त्या कामाला आजही पुरेशी आहे. उलट, उभे आणि खडकाळ उतार वेगाने उतरण्याची हौस असेल, तर तिच्यावर कितीही पैसे ओतले तरी ती त्या कामासाठी घडवलेल्या आजच्या मध्यम दर्जाच्या बाइकची बरोबरी करणार नाही. अडचण अशी की बारा वर्षांच्या खंडानंतर यांपैकी आपल्याला काय झेपेल आणि काय रुचेल, हे घरात बसून आपल्यालाही नक्की सांगता येणार नाही. म्हणून माझे मत असे आहे की बाइक कमीत कमी खर्चात, पण पूर्णपणे सुरक्षित होईल अशी चालती करावी, तीन-चार महिने ती नियमित चालवावी आणि नवी घ्यायची की नाही हे त्यानंतरच ठरवावे. मात्र चालती करणे आणि नव्यासारखी करणे ही दोन वेगळी कामे आहेत. पहिल्यात झिजलेले आणि वाळलेले तेवढेच बदलावे लागते; दुसऱ्याला अंत नसतो.

या सल्ल्याला एकच अट आहे आणि ती फ्रेमची आहे. पोलादाच्या बाबतीत ताणाची एक मर्यादा असते, जिच्या आतले धक्के कितीही वेळा बसले तरी धातू थकत नाही. ॲल्युमिनियमला अशी मर्यादा नाही. लहानसहान हादरेही त्याच्या खाती जमा होत राहतात आणि शेवटी कोठेतरी चीर जाते. अडगळीत उभ्या राहिलेल्या वर्षांनी फ्रेम थकलेली नाही. परंतु त्याआधी आपण ती शर्यतीत चालवली आहे, हे विसरून चालणार नाही. म्हणून एक रुपयाचेही सामान घेण्यापूर्वी बाइक स्वच्छ धुऊन कोरडी करावी आणि तिरप्या पाडलेल्या प्रखर उजेडात प्रत्येक जोड सावकाश पाहावा. पुढचे चाक धरणाऱ्या फोर्कची दांडी जिच्यातून जाते त्या हेड ट्यूबला खालची जाड नळी जोडलेली असते. त्या जोडाची खालची बाजू सर्वांत आधी पाहावी. त्यानंतर पेडलांच्या आसाभोवतीचा भाग, सीटपोस्ट, म्हणजे सीटचा दांडा, आवळण्यासाठी नळीत पाडलेल्या खाचेचे टोक, मागच्या टायरजवळच्या नळ्या, मागचे चाक बसते त्या दोन्ही खाचा आणि डिस्क ब्रेकचा कॅलिपर, म्हणजे डिस्कला दोन्ही बाजूंनी दाबणारा भाग, जेथे बसतो ती जागा, असा क्रम ठेवावा. रंगावरचा ओरखडा आणि धातूतली चीर यांत फरक करायला थोडी सवय लागते. चीर बहुधा वेल्डिंगच्या कडेकडेने धावते, पुसल्यावरही तिच्यात काळसर रेघ उरते आणि नख आडवे फिरवले तर अडकते. शंका राहिली तर अनुभवी माणसाला दाखवावे, पण शंका घेऊन डोंगरात जाऊ नये.

चीर सापडली तर प्रश्न तेथेच संपतो आणि मेकॅनिकचा सल्ला मान्य करावा लागतो. 'वेल्डिंग मारून देतो' असे सांगणारा कोणीतरी भेटेलच. त्याला नम्रपणे नाही म्हणावे. फ्रेमसाठी वापरल्या जाणाऱ्या बहुतेक ॲल्युमिनियम मिश्रधातूंना वेल्डिंगनंतर ठरावीक तापमानाची प्रक्रिया देऊन त्यांचे बळ आणलेले असते. पुन्हा वेल्डिंग केले की जोडाच्या आसपासचे ते बळ निघून जाते आणि तीच प्रक्रिया पुन्हा करून घेण्याचा खटाटोप या फ्रेमसाठी परवडणारा नाही.

फ्रेम निर्दोष असेल तर पुढची परीक्षा सीटपोस्टची आहे. इतकी वर्षे न हललेला सीटपोस्ट नळीला घट्ट चिकटलेला असू शकतो. गंज सोडवणारे तेल सांध्यात सोडून काही दिवस द्यावेत, मग सीट पकडून तो डावी-उजवीकडे फिरवत काढण्याचा प्रयत्न करावा. हातोडा आणि पाइप यांचा मोह टाळावा. निघाल्यावर आतली नळी पुसून ग्रीस लावावे आणि सीटपोस्ट किमान खोलीच्या खुणेच्या खाली जाईल असाच बसवावा. हँडलबार मात्र वाद न घालता नवा घ्यावा. शर्यतीत पडलेला, वळलेला आणि पुन्हा सरळ केलेला जुना ॲल्युमिनियमचा हँडलबार कोणतीही पूर्वसूचना न देता तुटू शकतो, आणि तो तुटतो तेव्हा बहुधा उतार चालू असतो.

ब्रेक हा खर्चाच्या यादीतला पहिला विषय आहे, कारण बारा वर्षे उभ्या राहिलेल्या हायड्रॉलिक ब्रेकवर विश्वास ठेवण्याला काहीच आधार नाही. आतली रबरी सील कडक झालेली असतात, पिस्टन अडकतात आणि द्रवही जुना झालेला असतो. लिव्हरच्या टाकीच्या झाकणावर कोणता द्रव वापरायचा ते कोरलेले असते, ते वाचावे. काही कंपन्यांचे ब्रेक खनिज तेलावर चालतात, तर काहींचे डॉट प्रकारच्या द्रवावर. डॉट द्रव हवेतला ओलावा शोषून घेतो, त्यामुळे त्याचा उत्कलनबिंदू उतरतो आणि लांब उतारावर ब्रेक तापले की लिव्हर थेट हँडलला टेकतो. हे दोन द्रव एकमेकांच्या जागी कधीही चालत नाहीत. चुकीचा द्रव घातला तर सील फुगून संपूर्ण ब्रेक निकामी होतो. द्रव बदलून, पॅड नवे घालून आणि पिस्टन साफ करूनही लिव्हर स्पंजासारखा दबत राहिला, तर जुन्या ब्रेकची सील शोधत फिरू नये. साध्या श्रेणीतला नवा हायड्रॉलिक संच घ्यावा. आपल्या बाइकच्या बाबतीत ही एक चांगली गोष्ट आहे की ब्रेक बसवण्याच्या पद्धती या काळात फारशा बदललेल्या नाहीत. सहा स्क्रूंची डिस्क आजही तीच आहे, आणि कॅलिपर योग्य अडॅप्टरने जुन्या फ्रेमवर बसतो.

फोर्कचे भवितव्य त्याच्या वरच्या दोन गुळगुळीत नळ्यांवर ठरते. त्यांच्यावरचा लेप जागोजागी उडालेला असेल, खोल ओरखडे असतील किंवा गंजाचे ठिपके पडले असतील, तर नवी सील लवकरच फाटतील. तेथे पैसे घालू नयेत. नळ्या स्वच्छ असतील तर फोर्क उघडून साफ करावा, सील, फोम रिंग आणि तेल बदलावे. नियमित वापरात असलेल्या फोर्कची ही सफाई अनेक उत्पादक दर ५० तासांच्या वापरानंतर सांगतात, यावरून बारा वर्षांनी ती टाळता येणार नाही हे उघड आहे. हवा भरून रात्रभर ठेवावी आणि सकाळी बसून पाहावे. स्वार बसल्यावर फोर्क आपल्या दबण्याच्या एकूण अंतराच्या पाचव्या हिश्शाइतका, म्हणजे आपल्या बाबतीत साधारण २० मिमी दबला आणि सोडल्यावर परत आला, तर सध्या तेवढे पुरे आहे.

चाके, टायर आणि साखळी यांच्याबद्दल थोडक्यात लिहितो. टायर आणि ट्यूब नवे घ्यावेत, जुन्या टायरच्या बाजू वाळून तडकलेल्या असणारच. रिमचा आउट (वाकडेपणा) काढून घ्यावा आणि ढिल्या तारा आवळाव्यात. हबमधले, म्हणजे चाकाच्या मध्यभागी आसाभोवती फिरणाऱ्या भागातले, ग्रीस मेणासारखे घट्ट झालेले असेल. हब छर्ऱ्यांचा असेल तर तो उघडून, छर्रे ज्यांवर फिरतात त्या कोनांवर खड्डे पडलेत का ते पाहून, नवे छर्रे आणि नवे ग्रीस घालावे. नेहमीच्या मागच्या हबमध्ये प्रत्येक बाजूला पाव इंची ९ छर्रे असतात, आणि पूर्ण हबच्या आयुष्याच्या मानाने त्यांची किंमत नगण्य आहे. साखळी साध्या पट्टीने मोजता येते. एका पिनेच्या मध्यापासून २४ कड्या मोजल्या तर नव्या साखळीत बरोबर १२ इंच भरतात. त्या १/१६ इंचाने जास्त भरल्या तर साखळी बदलावी. १/८ इंचाने जास्त भरल्या तर तिच्याबरोबर मागची कॅसेटही (दातेरी चक्रांचा संच) झिजली आहे असे समजावे, कारण झिजलेल्या कॅसेटवर नवी साखळी चढावर दात सोडते. नऊ गिअरचे सामान आजही बनते, तेव्हा या बाबतीत घाबरण्याचे कारण नाही. गिअरच्या तारा आणि त्यांची आवरणे मात्र सगळीच बदलावीत. अर्ध्याअधिक 'बिघडलेल्या' गिअरचा दोष तेथेच असतो.

आता पैशांच्या मर्यादेविषयी. नवी घेतली असती तर ज्या दर्जाची घेतली असती, तिच्या किमतीच्या चौथ्या हिश्शापलीकडे जुन्या बाइकवर खर्च करू नये, असा माझा ठोकताळा आहे. त्याला जोडून दुसरा आहे : फोर्क, चाके आणि गिअर या तीन मोठ्या गोष्टींपैकी एक नवी घ्यावी लागली तर चालेल, दोन घ्याव्या लागणार असतील तर काम तेथेच थांबवावे. सुटे भाग एकेक करून विकत घेतले की त्यांची बेरीज त्याच भागांनी जोडलेल्या अख्ख्या बाइकपेक्षा बरीच जास्त होते, कारण उत्पादक ते भाग घाऊक घेत असतो आणि आपण किरकोळीत. आपल्या मित्राचा 'सगळे सामान नवे चढव' हा सल्ला मला याच कारणाने मान्य नाही. फ्रेमबद्दलचे त्यांचे कौतुक कदाचित खरेही असेल.

मान्य नसण्याचे दुसरे कारण अधिक मूलभूत आहे. आपली बाइक वाईट होती म्हणून ती जुनी पडलेली नाही. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये फ्रान्सच्या ज्युलियाँ अब्सालोंने सुवर्णपदक जिंकले ते २६ इंची चाकांच्या बाइकवरच. चारच वर्षांनी लंडनमध्ये चेक प्रजासत्ताकाचा यारोस्लाव कुल्हावी २९ इंची चाकांवर पहिला आला आणि स्वित्झर्लंडचा निनो शुर्टर साडेसत्तावीस इंचीवर दुसरा. त्या काही वर्षांत चाक बदलले, आणि चाकाबरोबर जवळजवळ सगळेच बदलत गेले. आपल्या चाकाचे टायर ज्या कडेवर बसतात तिचा व्यास ५५९ मिमी आहे, साडेसत्तावीस इंचीचा ५८४ आणि एकोणतीस इंचीचा ६२२. आपल्या मागच्या हबची रुंदी बहुधा १३५ मिमी असेल आणि तो खटक्याने आवळला जात असेल; आज १४८ मिमी रुंदीचा, आरपार जाणाऱ्या जाड दांड्याचा हब सर्रास वापरला जातो. फोर्कची दांडी तेव्हा वरपासून खालपर्यंत एकाच जाडीची होती, आता ती खाली रुंद होत जाते. याचा व्यवहारात अर्थ असा की आपल्या फ्रेमसाठी घेतलेली चांगली चाके किंवा चांगला फोर्क उद्या नव्या बाइकवर बसणार नाही, आणि नव्या बाइकसाठी बनलेला चांगला माल आपल्या फ्रेमवर बसणार नाही. २६ इंचीचे टायर मिळतात, उड्या मारण्याच्या खास बाइक आजही त्याच आकाराच्या असल्यामुळे ते मिळत राहतीलही; परंतु आपल्या फ्रेमला बसेल असा दर्जेदार नवा सस्पेन्शन फोर्क शोधताना निवड फारच आखूड झालेली दिसेल.

जुन्या फ्रेममध्ये साडेसत्तावीस इंची चाक घुसवण्याचा उपायही कोणीतरी सुचवील. डिस्क ब्रेक असल्यामुळे तसे करता येते हे खरे. परंतु चाकाची त्रिज्या साडेबारा मिलिमीटरने वाढते, पेडलांचा आस तितकाच वर जातो, टायर आणि फ्रेम यांच्यातली मोकळी जागा संपते आणि चिखल लागताच चाक घासू लागते. तीच गोष्ट १०० मिमीच्या जागी १३० मिमीचा फोर्क बसवण्याची. लांब फोर्कमुळे पुढचा भाग उचलला जातो, आणि ज्या जोडाची तपासणी मी सर्वांत आधी करायला सांगितली त्याच जोडावर फ्रेमच्या आखणीत न धरलेला ताण येतो.

एका बाबतीत मात्र जुन्या बाइकची बाजू घेतलीच पाहिजे. पुढची तीन चक्रे काढून एकच ठेवावे आणि मागे मोठी कॅसेट लावावी, हा बदल आपल्याला हमखास सुचवला जाईल, आणि चढासाठी तो आवश्यक आहे असेही सांगितले जाईल. हिशेब करून पाहा. आपल्या बाइकवर पुढे २२ दात आणि मागे ३४ दात असा सर्वांत हलका गिअर असेल, तर पेडलाच्या एका फेरीत बाइक सुमारे १.३५ मीटर पुढे जाते. आजच्या एकोणतीस इंची, बारा गिअरच्या बाइकवर पुढे ३० आणि मागे ५१ दात असा सर्वांत हलका गिअर धरला, तर तीही जवळजवळ तेवढीच पुढे जाते. आपण मात्र पुढे ३२ चे एकच चक्र आणि मागे ११ ते ४२ दातांची कॅसेट लावली, तर तोच आकडा १.५९ च्या घरात जातो. म्हणजे पैसे देऊन चढ अवघड करून घेतल्यासारखे होईल. एका चक्राचे फायदे वेगळे आहेत : साखळी कमी उडते, डाव्या हाताचे काम वाचते, देखभाल सोपी होते. जुनी गिअरव्यवस्था झिजून गेलेलीच असेल तर तो बदल जरूर करावा. ती चालू असेल तर हात लावू नये.

बाइकच्या ठेवणीबद्दल, म्हणजे तिच्या कोनांबद्दल आणि लांबी-रुंदीबद्दल, बोलल्याशिवाय निर्णयाचा गाभा स्पष्ट होणार नाही. आपल्या काळातल्या शर्यतीच्या बाइकचा पुढचा कोन (फोर्कच्या दांडीचा जमिनीशी होणारा) ७० ते ७१ अंशांचा, स्टेम (हँडलबारला फोर्कच्या दांडीशी जोडणारा तुकडा) १०० मिमीच्या आसपासचा आणि हँडलबार जेमतेम ६०० मिमीचा असे. आजच्या डोंगरवाटांसाठीच्या बाइकचा कोन बहुधा ६४ ते ६६ अंशांचा असतो, स्टेम ३५ ते ५० मिमीचा आणि हँडलबार ७६० मिमी किंवा त्याहून रुंद. जुन्या ठेवणीत स्वार पुढच्या चाकावर ओणवा होतो. चढावर ते सोयीचे असते, परंतु उभ्या उतारावर पुढे फेकले जाण्याची भीती सतत राहते. नव्या ठेवणीत पुढचे चाक स्वारापासून लांब असते आणि उतारावर बाइक सरळ राहते. हा फरक फ्रेममध्येच आहे, तो सुटे भाग बदलून भरून निघत नाही. हँडलबार नवा घ्यायचाच आहे, तेव्हा ७०० ते ७२० मिमीचा घ्यावा आणि स्टेम ६० ते ७० मिमीचा, एवढी सुधारणा आपल्या फ्रेमला सोसेल. त्याहून आखूड स्टेम लावला तर ही फ्रेम लांबीला कमी असल्यामुळे गुडघे आणि हात एकमेकांच्या वाटेत येतात. जुना हँडलबार मध्यभागी २५.४ मिमी जाडीचा असू शकतो आणि नवा बहुधा ३१.८ चा, म्हणून दोन्ही एकदमच घ्यावे लागतील.

आता त्या तीन-चार महिन्यांविषयी. ओळखीच्या सोप्या वाटेपासून सुरुवात करावी आणि घरी आल्यावर बाइक नेमकी कोठे कमी पडली, ते दोन ओळींत लिहून ठेवावे. दम लागून थांबावे लागले, मांड्या भरून आल्या, तर तो बाइकचा दोष नाही. नवी बाइक घेऊनही तेच होईल. बोटे दुखली किंवा ब्रेक अपुरे वाटले तर उपाय ब्रेकचा आहे, बाइकचा नाही. चाक मातीवर घसरले तर टायर आणि त्यातली हवा पाहावी. बरेच जण रस्त्यावरच्या सवयीने टायर दगडासारखे टणक ठेवतात. परंतु लहान दगडांवर आणि खळग्यांत चाक वारंवार अडखळत असेल, उतारावर वजन मागे टाकूनही पुढे कोसळण्याची भावना जात नसेल, प्रत्येक उतारापूर्वी उतरून सीट खाली करावी लागत असेल आणि हे सगळे आपल्याला ज्या वाटांवर जाण्याची इच्छा आहे त्याच वाटांवर घडत असेल, तर ती तक्रार चाकाच्या आकाराची आणि ठेवणीची आहे, आणि तिला नवी बाइक हेच उत्तर आहे. शक्य असल्यास याच वाटेवर कोणाची तरी आजची बाइक एकदा मागून चालवून पाहावी. कागदावरच्या कोनांची तुलना करत बसण्यापेक्षा त्या एका फेरीतून अधिक कळेल. आणि चार महिन्यांत बाइक दोनदाच बाहेर निघाली असेल, तर तेही उत्तरच समजावे. मोठा खर्च वाचला म्हणायचे.

शरीराबद्दल एवढेच की दम काही आठवड्यांत परत येतो, पण स्नायूंना हाडांशी जोडणारे कंडरे त्यापेक्षा सावकाश तयार होतात, म्हणून उत्साह वाढला तरी अंतर आणि चढ हळूहळू वाढवावेत. पेडल सर्वांत खाली असताना गुडघा किंचित वाकलेला राहील इतकी सीटची उंची ठेवावी. जुने हेल्मेट वापरू नये. ते कितीही चांगले दिसत असले तरी त्याचा फोम आणि पट्टे त्या बाइकइतकेच जुने आहेत. हेल्मेट, हातमोजे, बूट, पेडल, पंप आणि हत्यारे यांच्यावर मात्र हात आखडू नये, कारण हा सगळा खर्च उद्या नव्या बाइकच्याही कामी येतो.

नवी घ्यायची वेळ आलीच, तर एका मोहापासून सावध राहावे. जाड टायर, चमकदार रंग आणि पुढे स्प्रिंगचा फोर्क असलेली स्वस्त 'माउंटन' बाइक आपल्या जुन्या बाइकपेक्षा निकृष्ट असेल. तिच्या फोर्कमध्ये धक्का शोषला जात नाही, चेंडूसारखा परत फेकला जातो. मागेही सस्पेन्शन असलेली स्वस्त बाइक तर त्याहून वाईट. आपला पूर्वानुभव पाहता फक्त पुढे सस्पेन्शन असलेली, १२० ते १३० मिमीच्या हवेच्या फोर्कची बाइक आपल्याला पुष्कळ काळ पुरेल. दुकानात तीन गोष्टी विचाराव्यात : हेड ट्यूब खाली रुंद होत जाणारी आहे का, मागचा हब आरपार दांड्याचा आणि १४८ मिमीचा आहे का, आणि वर-खाली होणारा ड्रॉपर सीटपोस्ट नसेल तर तो पुढे बसवण्याची सोय फ्रेममध्ये आहे का. या तिन्हींचे उत्तर होकारार्थी असेल तर गिअर एक पायरी खालचे असले तरी चालतील, कारण ते झिजल्यावर बदलता येतात. फ्रेम बदलता येत नाही. उंची कमी असेल तर साडेसत्तावीस इंचीचाही विचार करावा. एकोणतीसचा आग्रह प्रत्येकाने धरायला हवा असे नाही. वापरलेली, मागेही सस्पेन्शन असलेली बाइक स्वस्तात मिळत असेल तर तिच्या सांध्यांची बेअरिंग आणि मागचा शॉक यांच्या दुरुस्तीचा खर्च किमतीत धरूनच ती स्वस्त आहे की नाही ते ठरवावे.

आपला मित्र आपल्याला निव्वळ भावनिक वाटू नये म्हणून एक आठवण करून द्यावीशी वाटते. हा खेळ जुन्या बाइक दुरुस्त करणाऱ्यांनीच उभा केला. १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या मरिन परगण्यातली मंडळी १९३० आणि १९४० च्या दशकांतल्या जड सायकली शोधून, त्यांना जाड टायर आणि मिळेल ते सामान लावून डोंगर उतरत असत. १९७६ पासून त्यांच्या उतारावरच्या शर्यती सुरू झाल्या, आणि एकेका उतारानंतर ब्रेकच्या हबमधले ग्रीस जळून गेल्यामुळे ते पुन्हा भरावे लागे. पण त्याच मंडळींच्या फ्रेम मोडू लागल्या, तेव्हा जो ब्रीझने १९७७ मध्ये डोंगरासाठी म्हणून वेगळी, नवी फ्रेम बांधली. दुरुस्ती कोठवर करायची आणि कोठे सोडून द्यायची, याचा निर्णय त्यांनाही वाटेवरच मिळाला होता.

राहिला आपला शेवटचा प्रश्न. नवी घेतल्यावर जुनी विकून फारसे हाती लागणार नाही, म्हणून विक्रीच्या हिशेबाने तिच्यावर एकही भाग चढवू नये. फ्रेम धड असेल तर तिला गुळगुळीत टायर लावून रोजच्या कामासाठी ठेवावी. २६ इंची चाके, तीन चक्रांचे गिअर आणि मजबूत फ्रेम असलेली बाइक सामान वाहायला आणि खराब रस्त्यांवर फिरायला उत्तम असते. फोर्क थकलेला असेल तर त्याच्या जागी योग्य लांबीचा साधा, सस्पेन्शन नसलेला फोर्क बसवला की देखभालीचे एक मोठे कलमच कमी होते. मुलांपैकी कोणाची उंची जुळत असेल तर डोंगरवाटांची ओळख करून द्यायलाही ती चालेल. फ्रेमला चीर निघाली असेल तर मात्र ती कोणालाही देऊ नये, फुकटसुद्धा नाही. चाके, क्रँक, ब्रेक आणि सीट काढून ठेवावेत आणि फ्रेम करवतीने कापूनच भंगारात द्यावी, म्हणजे कोणी ती पुन्हा जोडून रस्त्यावर आणणार नाही.